सरळच चाललोय का?

उणे अठ्ठावीस. शटर अर्धंच उचललं तरी
रायली निस्कालाने इम्पाला आत घातली.
पुढच्या जाळीतून हीटरची वायर लोंबत होती.
काच न उतरवताच ती म्हणाली,
"मंगळवारी स्टिरिओ बसवलास.
तेव्हापासून ही गाडी बोलत नाही."

बोलत नाही कशी? नऊ इंची पडदा,
नकाशा, फोन, मागचा कॅमेरा,
थंडर बेमध्ये असा सेट दहा जणांकडे नसेल.

"माझ्याशी बोलते. यांच्याशी नाही."

शेजारच्या सीटवर तिचे वडील, उर्हो.
लोकरी टोपी, मांडीवर बेकरीचा खोका,
खोक्यात गुलाबी लेपाचे दोन पर्शियन.
एकतीस वर्षं बंदरावरच्या धान्यकोठारात काढली,
डोळे जाऊन अकरा झाली.
माझा आवाज जिकडून आला तिकडे तोंड करून म्हणाले:

"घरातून निघालो. एक वळण नाही.
चर्च गेलं असेल, बेकरी आली, वळण नाही.
इतकं सरळ गेलो असतो, पोरा,
तर आता सुपिरिअरच्या मधोमध असतो,
आणि तिथला बर्फ अजून धरलेला नाही."

चूक माझी होती.
या मॉडेलात इंडिकेटरची टिकटिक
इंडिकेटर करतच नाही. रेडिओ करतो.
पट्टा लावा, दार उघडं आहे, किल्ली राहिली,
सगळं त्याच एका घशातून.
जुना रेडिओ काढला की हिरवा बाण
उघडझाप करतो, गुपचूप,
ज्याला दिसतं त्याच्यासाठी.

त्यावर एक डबी मिळते, काडेपेटीहून थोडी मोठी,
एकशे दहा डॉलर.
रायलीने तेव्हाच विचारलं होतं, लागेलच का?
नाही लागत, मी म्हणालो होतो, पैसे वाचव.
संध्याकाळी घरी जाताना
स्वतःवर खूश होतो.

चौकट पुन्हा उचकटली. सात मिलिमीटरचे चार स्क्रू,
गारठ्याने प्लास्टिकचा एक कान तुटला,
(तो मी डिंकाने चिकटवला, हे तिला सांगितलं नाही)
आत ती एकच बारीक हिरवी तार
जिच्यातून गाडी स्वतःशी बोलते.
तिला डबी जोडली, डबीचा बटणाएवढा स्पीकर
ग्लोव्ह बॉक्सखाली बांधला. किल्ली फिरवली. डावा दिला.

टिक. टिक.

म्हाताऱ्याने मान हलवली. नाही.
"हा माझ्या गुडघ्यात वाजतोय.
चालवते ती. तिच्याकडून यायला हवा."

मी पेडलांपाशी उताणा झालो, पाय गॅरेजात,
स्पीकर डाव्या कोपऱ्यात सरकवला,
आवाज एक घर उतरवला.
रायली काही बोलत नव्हती. खोका आता तिच्या हातात होता.

टिक. टिक. टिक.

"हं," उर्हो म्हणाले.

न राहवून मी विचारलं,
डावा आणि उजवा, दोन्हींचा आवाज सारखाच.
तुम्हाला बाजू कशी कळते?

"बाजू अंग सांगतं," ते म्हणाले. "आवाज नुसतं म्हणतो, आता.
तो नसला की झोपेत कुणी कूस बदलून टाकावी
तसं होतं."
मग समोरच्या माझ्या भिंतीकडे,
टांगलेल्या पान्यांकडे हात करत:
"आता तर आपण हललोही नाही.
सावध करून ठेवलंस, आणि वळवत नाहीस."

रायली हसली. मंगळवारी हसली नव्हती.

बिल लिहायला मी बाहेर आलो.
काय लिहावं, डबीचे घ्यावेत का,
का निम्मे, का नुसती मजुरी सोडावी,
पेनाची शाई गोठली होती, ते बरंच झालं.
आत तिने किल्ली काढली. रेडिओ चालूच राहिला.
जुन्याची ही आणखी एक सवय, डबीबरोबर परत आली:
दार उघडेपर्यंत बंद होत नाही.
हॉकीचा तिसरा डाव, कोण जिंकत होतं ठाऊक नाही.
काचांवर वाफ धरत गेली.
गुलाबी काहीतरी अर्धं अर्धं झालं.
मी बिल हातात धरून उभा,
आणि दोघांपैकी कोणीच
दार उघडत नव्हतं.